देगूच्या महापौरांना आणि नगरसेवकांना खुले पत्र: स्थानकासमोरचा चौक लोकांना परत द्या

मा. महापौर आणि नगरपरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य, देगू महानगर, यांस सविनय नमस्कार.

आपल्या परिषदेने मे 2024 मध्ये दक्षिण कोरियाचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांच्या स्मारकांसाठी खास नियम मंजूर केला. त्याच वर्षी ऑगस्टात दोंगदेगू रेल्वे स्थानकासमोरच्या चौकात त्यांच्या नावाचा फलक लागला आणि 23 डिसेंबरला तिथेच त्यांच्या तीन मीटर उंचीच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हे सर्व सार्वजनिक पैशातून आणि सार्वजनिक जागेवर झाले. शहरातील नागरिक संघटनांनी विरोध केला, जागेच्या प्रश्नावरून रेल्वेची यंत्रणा न्यायालयात गेली, तरीही पुतळा उभा राहिला. हा निर्णय मला मान्य नाही आणि तो मुकाट्याने गिळणेही मला शक्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मी देगूची मतदार नाही आणि कोरियाची नागरिकही नाही. कोल्हापूरला रसायनशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केल्यावर पुढील संशोधनासाठी मी देगूतील एका विद्यापीठात आले. आमच्या भागातील अनेक मुले-मुली अशी कोरियात जातात, कारण तिथल्या प्रयोगशाळा चांगल्या आहेत आणि कष्ट करणाऱ्याची कदर होते. माझ्या उमेदीची वर्षे तिथे गेली, मी तिथे कर भरला, माझी मुलगी तिथल्या बालवाडीत चालायला, बोलायला आणि वाटून खायला शिकली. ज्या शहराचे मीठ खाल्ले त्याच्या चौकात अर्धे सत्य उभे राहिलेले पाहून गप्प बसणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

या पत्राचा कोरियन अनुवाद आपल्या कार्यालयाकडे मी स्वतंत्रपणे पाठवत आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारणही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राला कोरिया आता परका राहिलेला नाही. रांजणगावला एलजीचा, तळेगावला ह्युंदाईचा आणि माणगाव तालुक्यात विळे-भागाडला पोस्कोचा कारखाना आहे. त्या देशाची भरभराट पाहून आमच्याकडची शिकलीसवरली माणसेही व्याख्यानांतून आणि लग्नाच्या पंगतीत सहज बोलून जातात की आपल्यालाही एखादा पार्क चुंग ही लाभला असता तर बरे झाले असते. असे बोलणाऱ्यांनी बहुधा त्या राजवटीची निम्मीच हकिकत ऐकलेली असते, आणि आपला चौकही आता तेवढीच निम्मी हकिकत सांगतो.

तक्रारी मांडण्याआधी दुसऱ्या बाजूचे देणे देऊन टाकते. आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही सगळे भाडेकरू हालमोनी, म्हणजे आजी, म्हणत असू. त्यांचे बालपण युद्धानंतरच्या उपासमारीत गेले होते. मागच्या हंगामातला तांदूळ संपलेला आणि शेतातली बार्ली अजून हिरवी, असे वसंतातले आठवडे त्यांनी झाडांच्या साली उकडून काढले होते. भांड्याच्या तळाला चिकटलेली भाताची खरपूस पापडी त्या पाणी घालून उकळत आणि शेवटच्या शितापर्यंत खात. माझ्या मुलीने ताटात भात टाकलेला त्यांना पाहवत नसे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात पार्क चुंग ही आणि त्यांच्या पत्नी यांचे जुने छायाचित्र होते. ‘या माणसाने आम्हाला भात दिला,’ असे त्या सांगत. मी त्यांच्याशी कधीही वाद घातला नाही. ज्या माणसाने भूक पाहिली आहे त्याच्या कृतज्ञतेपुढे मान तुकवावी असेच मला वाटते. 1964 मध्ये आपल्या देशाची निर्यात दहा कोटी डॉलरवर पोहोचली आणि 1977 मध्ये ती एक हजार कोटी डॉलर झाली. सोलपासून देगूवरून बुसानला जाणारा 428 किलोमीटरचा महामार्ग 1970 मध्ये पूर्ण झाला आणि पोहांगला पोलादाचा कारखाना उभा राहिला. हे सगळे पार्क यांच्या अठरा वर्षांच्या कारकिर्दीत घडले आणि त्यातला कोणताही आकडा मी खोडून काढू पाहत नाही. माझे म्हणणे त्या चौकातून काय वगळले गेले याविषयी आहे.

पहिली तक्रार अनावरणाच्या दिवसाची आहे. ऑक्टोबर 1972 मध्ये पार्क यांनी लष्करी कायदा पुकारला, राष्ट्रीय सभा, म्हणजे संसद, विसर्जित केली आणि ‘युशिन’ नावाची नवी राज्यघटना आणली. तिच्यानुसार राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा अधिकार जनतेकडून काढून एका मंडळाकडे देण्यात आला, सहा वर्षांची मुदत कितीही वेळा घेण्याची सोय झाली आणि राष्ट्रीय सभेतील एक तृतीयांश सदस्य स्वतः राष्ट्राध्यक्षांच्या शिफारशीने येऊ लागले. त्या मंडळाने 23 डिसेंबर 1972 रोजी, दुसरा कोणी उमेदवारच नसताना, 2359 पैकी 2357 मतांनी पार्क यांना राष्ट्राध्यक्ष केले. उरलेली दोन मते बाद होती. त्याच तारखेला, बरोबर 52 वर्षांनी, आपण त्यांच्या पुतळ्यावरचा पडदा दूर केला. तारीख योगायोगाने जुळली असेल, असे मानून मी पुढे जाते. परंतु त्याच महिन्यात 3 डिसेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला होता, सामान्य माणसे थंडीत राष्ट्रीय सभेसमोर जमली होती, सदस्य कुंपणावरून चढून आत गेले होते आणि 190 विरुद्ध शून्य मतांनी तो कायदा रद्द करण्याची मागणी त्यांनी पहाटेपूर्वी मंजूर केली होती, हे आपण सर्वांनी पाहिले होते. 1972 मध्ये जे अडवता आले नाही ते 2024 मध्ये लोकांनी अडवले. त्याला तीन आठवडेही झाले नव्हते, आणि सोहळा काही काळ पुढे ढकलण्याइतकेही तारतम्य महानगराने दाखवले नाही. त्या रात्री राष्ट्रीय सभेसमोर जमलेल्यांत देगूची मुलेही असतील, याचा विचार व्हायला हवा होता.

दुसरी तक्रार सर्वांत मोठी आहे आणि ती मी सविस्तर मांडणार आहे, कारण देगूच्या नावावर ती आजही उधार आहे.

एप्रिल 1974 मध्ये विद्यार्थ्यांच्या लोकशाहीवादी चळवळीला चिरडण्यासाठी पार्क यांनी चौथा आणीबाणी आदेश काढला, ज्यात मृत्युदंडापर्यंतची शिक्षा होती. या चळवळीमागे उत्तर कोरियाच्या इशाऱ्यावर चालणारा ‘जनक्रांती पक्ष’ नावाचा गुप्त गट आहे, असे गुप्तचर खात्याने जाहीर केले. असा गट असल्याचा पुरावा म्हणजे छळ करून घेतलेले कबुलीजबाब. पकडलेल्यांत देगू आणि भोवतालच्या क्योंगबुक प्रांतातील माणसे ठळकपणे होती. यो जोंग-नाम हे तर आपल्या शहरातील क्योंगबुक राष्ट्रीय विद्यापीठाचे विद्यार्थी नेते होते. खटला लष्करी न्यायालयात चालला. 8 एप्रिल 1975 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ जणांची फाशी कायम केली आणि अवघ्या 18 तासांच्या आत, 9 एप्रिलच्या पहाटे, सोलच्या सोदेमून तुरुंगात त्या आठांना एकामागून एक फासावर चढवण्यात आले. फेरतपासणीचा अर्ज करायलाही वेळ मिळाला नाही. निकालानंतर तरी भेट मिळेल या आशेने तुरुंगाशी आलेल्या बायकांना आपण विधवा झालो आहोत हे तिथे समजले. काहींचे मृतदेह कुटुंबांच्या हाती न देता पोलिसांनी परस्पर स्मशानात नेऊन जाळले, कारण अंगावरचे छळाचे व्रण कोणाला दिसू द्यायचे नव्हते, असे ती कुटुंबे तेव्हापासून सांगत आली आहेत. जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने त्या दिवसाला न्यायाच्या इतिहासातील काळा दिवस म्हटले.

त्यापुढची तीस वर्षे या घरांनी देशद्रोह्याचे घर म्हणून काढली. शेजारी बोलायचे बंद झाले, मुलांना शाळेत टोमणे खावे लागले. जानेवारी 2007 मध्ये सोलच्या न्यायालयाने फेरसुनावणीत आठही जणांना निर्दोष ठरवले. त्याच प्रकरणात कैद भोगलेल्या इतरांना मिळालेल्या नुकसानभरपाईवरील व्याज नंतरच्या निकालाने कमी झाले आणि सरकारने जादा दिलेली रक्कम वसूल करण्यासाठी त्यांच्यावर आणि त्यांच्या कुटुंबांवर दावे लावले. ज्यांना सरकारने खोट्या आरोपाखाली कैदेत टाकले त्यांच्यावर त्याच सरकारचे कर्ज चढले, आणि ते ओझे उतरायला 2022 साल उजाडावे लागले. आपल्या चौकात ज्यांचा पुतळा आहे त्या माणसाच्या सहीने चाललेल्या राजवटीचा हा शेवट आहे, आणि तो 1979 मध्ये त्यांच्या मृत्यूबरोबर झाला नाही, अगदी अलीकडे झाला.

सो दो-वोन, दो ये-जोंग, हा जे-वान, सोंग सांग-जिन, ऊ होंग-सोन, ली सू-ब्योंग, किम योंग-वोन, यो जोंग-नाम. ही आठ नावे मी येथे मुद्दाम लिहीत आहे, कारण दोंगदेगू स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला एक नाव डोके वर करून वाचावे लागते आणि ही आठ नावे कुठेच वाचायला मिळत नाहीत. कोणत्याही शहराने आपल्याच मुलांना फासावर देणाऱ्याला आपल्या दारात उभे करावे आणि त्या मुलांचा उल्लेखही करू नये, हे मला कोणत्याही हिशेबाने समजावून घेता येत नाही.

परक्या बाईने यात का पडावे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. जॉर्ज ओगल नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने या आठ जणांसाठी जाहीर प्रार्थना केली, म्हणून डिसेंबर 1974 मध्ये त्यांना कोरियातून हाकलून देण्यात आले होते. मला आज हे लिहिता येते आणि तरीही उद्या देगूला जाता येते, हा फरक देगूच्या, ग्वांगजूच्या आणि सोलच्या लोकांनी स्वतःच्या रक्ताने घडवला आहे. त्याचा मान राखण्यासाठीच मी लिहीत आहे.

तिसरी तक्रार आपल्या आणखी एका भूमिपुत्राविषयी आहे. चॉन ते-इल यांचा जन्म 1948 मध्ये देगूत झाला. गरिबीमुळे सोलला गेलेला हा मुलगा प्योंगह्वा बाजारातील कपड्यांच्या कारखान्यात कापणी कामगार झाला. तिथे मजल्याच्या मध्ये फळ्या टाकून एकाचे दोन मजले केलेले असत, ताठ उभे राहता येत नसे, आणि त्या धुळीत तेरा-चौदा वर्षांच्या मुली दिवसाला चौदा-पंधरा तास काम करीत. मुली खोकत, रक्त पडले की कामावरून काढल्या जात. चॉन ते-इल आपल्या बसच्या भाड्याचे पैसे मोडून त्या मुलींना पिठाचे गोड पाव घेऊन देत आणि रात्री कित्येक किलोमीटर चालत घरी जात. पुढे त्यांना कळले की कामाचे तास, सुट्टी, आरोग्य तपासणी हे सगळे देशाच्या कामगार मानक कायद्यात आधीपासूनच लिहिलेले आहे. त्यांनी तो कायदा विकत घेऊन, अडलेले शब्द दुसऱ्यांना विचारून वाचून काढला, कामगारांची पाहणी केली, सरकारी कार्यालयात अर्ज दिले, राष्ट्राध्यक्षांच्या नावे पत्रही लिहिले. काहीही झाले नाही. 13 नोव्हेंबर 1970 रोजी त्या कायद्याच्या पुस्तकासह त्यांनी स्वतःला पेटवून घेतले. ‘कामगार मानक कायदा पाळा, आम्ही यंत्रे नाही,’ हे त्यांचे शब्द कोरियातील प्रत्येक कामगाराला ठाऊक आहेत. तेव्हा ते 22 वर्षांचे होते. सरकारने यावर काय केले? पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1971 मध्ये, राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली खास कायदा करून कामगारांच्या सामूहिक वाटाघाटी आणि संपावर बंधने घातली. ऑगस्ट 1979 मध्ये वायएच या विगच्या कारखान्यातील कामगार स्त्रिया विरोधी पक्षाच्या कार्यालयात धरणे धरून बसल्या असता पोलिसांनी आत घुसून त्यांना फरफटत बाहेर काढले आणि त्यात किम क्योंग-सुक ही तरुण कामगार मरण पावली.

देगूच्या नामसान-दोंग वस्तीतील ज्या घरात चॉन ते-इल काही काळ राहिले ते घर नागरिकांनी वर्गणी काढून विकत घेतले, दुरुस्त केले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वांसाठी खुले केले. विद्यार्थ्यांनी, गृहिणींनी, कामगारांनी जमेल तेवढी रक्कम दिली. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात आपण तिजोरीतल्या पैशातून पुतळा उभा केला. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा, एवढीच विनंती आहे.

चौथी तक्रार पुतळ्याच्या रूपाबद्दल आहे. पार्क भाताची कापणी करताना हसतमुख उभे आहेत, असे ते शिल्प आहे. मी आजऱ्याकडच्या भातशेतकऱ्याची मुलगी आहे, कापणीच्या दिवसांत शाळा बुडवून खळ्यावर राबलेली आहे, म्हणून हे शिल्प मला विशेष खुपते. भात पिकवण्याचे श्रेय ज्याच्या कमरेला त्या दिवसांत कळ लागते त्याचे असते. पार्क यांच्या काळात ‘थोंगइल’ नावाचे जादा उत्पन्नाचे बियाणे आले, त्याने देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, हे खरेच. परंतु ते पेरण्याची सक्ती गावोगावी कशी झाली, चवीला ते लोकांना का आवडले नाही, 1978 मध्ये त्यावर करपा कसा पसरला आणि नुकसान कोणाच्या अंगावर पडले, हेही शेतकऱ्यांना विचारा. त्याहून मूळचा मुद्दा असा की कोरियातील कूळ शेतकऱ्याला जमीन मिळाली ती 1950 च्या सुमाराच्या जमीन सुधारणेत, पार्क सत्तेवर येण्याच्या अकरा वर्षे आधी. गावोगावच्या मुलांना शाळेत घालण्याची लाटही त्यांच्या आधीची. त्या शिकलेल्या मुली गिरण्यांत गेल्या, मुले व्हिएतनामच्या युद्धात आणि पश्चिम जर्मनीच्या खाणींत गेली, परिचारिका परदेशात रात्रपाळ्या करून घरी पैसे धाडू लागल्या. पोहांगच्या पोलाद कारखान्याच्या भांडवलात जपानकडून मिळालेला पैसाही होता आणि तो पैसा वसाहतीच्या काळात ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांच्या दुःखाच्या बदल्यात आलेला होता, ज्यातले त्या माणसांच्या हाती फारच थोडे पडले. आमच्या हालमोनी स्वतः देगूच्या कापडगिरणीत वयात येण्याआधीपासून उभ्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे सूत जोडता जोडता कायमची वाकली होती. ‘या माणसाने आम्हाला भात दिला,’ असे त्या म्हणत तेव्हा मला त्या बोटांकडे पाहून वाटे की बाई, हा भात तुम्ही स्वतः मिळवलेला आहे. चौकात कोणाला तरी भाताची पेंढी घेऊन उभे करायचेच होते तर त्या गिरणीतल्या मुलीला करायला हवे होते.

येथे माझ्या मराठी वाचकांसाठी थोडे विषयांतर करते, महापौर महोदय, ते आपण चालवून घ्यावे. त्या आठ माणसांना फाशी झाली त्यानंतर अडीच महिन्यांनी, 25 जून 1975 रोजी, भारतात आणीबाणी आली. तेव्हाही आमच्याकडे म्हणत की गाड्या वेळेवर धावतात, कार्यालयात माणसे जागेवर सापडतात. त्याच वर्षी डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात, सत्तेतील मोठी माणसे उपस्थित असताना, अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीविरुद्ध उघडपणे आवाज उठवला आणि नंतर तुरुंगवास पत्करला. जे आज महाराष्ट्रात बसून पार्क यांच्यासारख्या खंबीर नेत्याची स्वप्ने पाहतात त्यांनी एवढे विचारावे: त्या राजवटीच्या पहिल्या आणीबाणी आदेशानुसार राज्यघटना बदला असे नुसते म्हणण्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद होती, तर व्याख्यानमालेत उभे राहून बोलणाऱ्या आपले काय झाले असते? कोरियाच्या घटना न्यायालयाने 2013 मध्ये हा आदेश घटनाबाह्य ठरवला, तोपर्यंत शिक्षा भोगलेल्यांचे तारुण्य निघून गेले होते.

पाचवी तक्रार थोडक्यात. देगूच्या मध्यवस्तीत दोन उद्याने आहेत. एक 1907 च्या राष्ट्रीय ऋणमुक्ती चळवळीचे, जेव्हा जपानचे कर्ज फेडण्यासाठी लोकांनी तंबाखू सोडली आणि स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले. दुसरे 28 फेब्रुवारी 1960 चे. विरोधी पक्षाच्या सभेला मुले जाऊ नयेत म्हणून त्या रविवारी शाळा भरवण्यात आल्या, एका शाळेने तर ससे पकडायला नेण्याचा बहाणा केला, आणि देगूची शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. त्या ठिणगीतून एप्रिलची क्रांती झाली, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांची राजवट गेली आणि लोकांनी निवडलेले सरकार आले. ते सरकार 16 मे 1961 च्या पहाटे सैन्य घेऊन उलथवले ते मेजर जनरल पार्क चुंग ही यांनी, जे तरुणपणी जपानी साम्राज्याच्या लष्करी शाळेत शिकून जपानच्या अंकित असलेल्या मांचुको राज्याच्या सैन्यात अधिकारी झाले होते. म्हणजे देगूच्या दोन्ही उद्यानांत ज्या लोकांचा गौरव आहे त्यांच्या कार्याच्या थेट विरुद्ध बाजूला उभा राहिलेला माणूस आपण शहराच्या प्रवेशद्वाराशी बसवला आहे.

पार्क यांच्या चाहत्यांना श्रद्धा व्यक्त करायला जागा नाही, असेही नाही. जवळच गुमीला त्यांचे जन्मघर आहे, तिथे 2011 पासून पाच मीटरचा पुतळा आहे, संग्रहालय आहे, हालमोनींसारखी कितीतरी माणसे दरवर्षी तिथे जातात आणि त्यांना कोणी अडवू नये. स्थानकासमोरचा चौक मात्र कोणा एकाच्या श्रद्धेचा नाही. तिथे गाडीतून उतरणाऱ्यांत फाशी गेलेल्यांची मुले-नातवंडेही असतात, आणि त्यांच्याकडूनही आपण कर घेता.

माझ्या मागण्या अशा आहेत.

चौकाला दिलेले नाव मागे घ्यावे आणि स्थानकाचे जुने साधे नाव पुन्हा लावावे. पुतळा फोडावा असे मी म्हणत नाही. तो संग्रहालयात न्यावा, जिथे त्याच्या शेजारी युशिन घटना, आणीबाणी आदेश आणि त्या काळच्या निर्यातीचे आकडे हे सगळे एकत्र वाचता येईल. ज्या नियमाच्या आधारे हे सारे झाले त्याचा परिषदेने फेरविचार करावा आणि तो करताना खुली जनसुनावणी घ्यावी, ज्यात फाशी गेलेल्या आठ जणांच्या कुटुंबीयांना, कापडगिरण्यांतील जुन्या कामगार स्त्रियांना आणि 28 फेब्रुवारीच्या चळवळीतील हयात असलेल्यांना निमंत्रण असावे. पार्क यांना मानणाऱ्यांनाही असावे. पुतळा हलेपर्यंत त्याच्याजवळ, त्याच आकाराच्या अक्षरांत, 9 एप्रिल 1975 रोजी काय घडले, 2007 मध्ये न्यायालयाने काय ठरवले आणि ती आठ नावे, असा फलक लावावा. दरवर्षी 9 एप्रिलला महापौरांनी महानगराच्या वतीने त्या आठांना अधिकृतपणे आदरांजली वाहावी. नामसान-दोंगमधील चॉन ते-इल यांच्या घराच्या देखभालीसाठी महानगराने कायमची तरतूद करावी, मात्र त्याचा कारभार ज्यांनी वर्गणी काढली त्यांच्याच हाती ठेवावा. आणि शहरातील शाळांच्या सहलीत त्या घराचा समावेश व्हावा. माझी मुलगी बालवाडीच्या सहलीतून उद्याने पाहून आली होती, तिच्याहून मोठ्या मुलांना हेही पाहता आले पाहिजे.

यापैकी कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, याचे लेखी उत्तर महानगराने जाहीर करावे. मला व्यक्तिशः उत्तर नको आहे. ते देगूच्या नागरिकांना आणि त्या आठ कुटुंबांना उद्देशून असावे.

आपली नम्र,
देगूत काही वर्षे राहिलेली एक मराठी संशोधिका
पुणे